पाणबुडीतलं चमचाभर पाणी

झाकण काढून पाणबुडीच्या पोटातला सिलिंडर तिरपा केला, तर बॅटरीखालून पाणी घरंगळत पुढे आलं. सिरिंजने ओढून मोजलं, ५ मिलिलिटर. चमचाभर. रेडिओवर चालणाऱ्या माझ्या सव्वादोन किलोच्या मॉडेल पाणबुडीला एवढं पाणी म्हणजे काहीच नाही, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण आधीच्या रविवारी ते २ मिलिलिटर होतं आणि त्याच्या आधीच्या रविवारी आत ठेवलेला टिश्यू पेपर नुसता दमट लागला होता. दरम्यान मी दोन्ही झाकणांच्या ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलल्या होत्या, पंखे फिरवणाऱ्या दांड्यांची, म्हणजे शाफ्टची, सीलं बदलली होती, आणि ग्रीस तर इतकं फासलं होतं की हात धुताना साबणाने हार मानली. तरी पाणी वाढतच होतं.

रेडिओवर चालणारी विमानं, बोटी, गाड्या करणारे पुष्कळ आहेत. पाणबुडीकडे वळणारे कमी, आणि ते का, हे आता मला चांगलं कळलंय. विमान बिघडलं तर पडतं, पण कुठे पडलं ते दिसतं. बोट बिघडली तर तरंगत राहते. पाणबुडी बिघडली की नाहीशी होते, आणि आपण काठावर ट्रान्समीटर धरून सपाट पाण्याकडे बघत उभे.

माझी पाणबुडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप ७-सीची १:७२ प्रतिकृती. खरी ६७.१ मीटर लांब, माझी ९३ सेंटिमीटर. मूळचा संच कपाटावर मांडून ठेवण्यासाठीच्या प्लॅस्टिक मॉडेलचा, तो पाण्यात चालवायचं ठरवणं ही माझी हौस. सुरुवात कागदावर केली. लांबी ७२ने भागायची, पण वजन भागायचं ७२चा घन करून, म्हणजे ३,७३,२४८ने. खरीचं पाण्यावर तरंगतानाचं विस्थापन, म्हणजे तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, ७६९ टन, बुडाल्यावर ८७१ टन. त्यावरून माझी तरंगताना २.०६ किलो आणि बुडाल्यावर २.३३ किलो भरायला हवी. मधला फरक २७३ ग्रॅम. म्हणजे बुडण्यासाठी पाणी भरून घ्यायची बॅलास्ट टाकी २७३ मिलिलिटरची लागणार, असं मी वहीत ठळक लिहून अधोरेखितही केलं.

ते चुकलं. खऱ्या पाणबुडीचं गणित मॉडेलला जसंच्या तसं लागत नाही, कारण मॉडेलचं बाहेरचं अंग नुसतं पातळ कवच असतं. त्याला खाली भोकं असतात, पाणी आतबाहेर खेळतं. कोरडा असतो तो आतला एक सिलिंडर. त्यामुळे टाकी किती मोठी हवी, हे ठरतं जलरेषेच्या वर असलेल्या निव्वळ घन वस्तूवर : डेकचं प्लॅस्टिक, डेकवरचा मनोरा म्हणजे कॉनिंग टॉवर, कठडे, तोफ. कवचातल्या पोकळीचा हिशेब करायचाच नाही. मग मी सरळ काठोकाठ भरलेल्या बादलीत हे वरचे भाग बुडवले आणि सांडलेलं पाणी तोललं. १७५ ग्रॅम. टाकी २०० मिलिलिटरची घेतली. वहीतली अधोरेखित ओळ अजून तशीच आहे.

टाकीचे प्रकार बरेच. कोणी द्रवरूप गॅसच्या डब्यातून फुंकर मारून पाणी बाहेर काढतं, कोणी पंपाने टाकी भरतं-उपसतं, आणि कोणी टाकीच ठेवत नाही. वजन जेमतेम तरंगण्याइतकं ठेवून नुसत्या वेगाने आणि आडव्या पंखांनी बुडी मारायची. मी पिस्टन टाकी निवडली. मोठ्या सिरिंजसारखी असते : मोटर आटे फिरवून दट्ट्या मागे ओढते, पाणी आत, पुढे ढकलते, पाणी बाहेर. अर्धवट भरली तरी आत पाणी डचमळत नाही, कारण दट्ट्याच्या पुढे रिकामी जागाच उरत नाही. अर्ध्या भरलेल्या साध्या टाकीत पाणी पुढे धावलं की नाक खाली जातं, नाक खाली गेलं की पाणी आणखी पुढे. ते मला नको होतं. पिस्टन टाकीची किंमत वेगळ्या ठिकाणी चुकवावी लागते, ते पुढे येईलच.

सिलिंडर केला पॉलिकार्बोनेटच्या नळीचा. लांबी ४५ सेंटिमीटर, बाहेरून ७० मिलिमीटर, आतून ६४. हा दुसरा सिलिंडर. पहिला ॲक्रिलिकचा होता, काचेसारखा स्वच्छ, बघत राहावा असा. त्याच्यावरचे बोटांचे ठसे मी स्पिरिटने पुसले. सकाळी पाहिलं तर कापलेल्या कडेपासून आत केसासारख्या बारीक भेगा पसरलेल्या. कापताना ॲक्रिलिकमध्ये ताण अडकून राहतो आणि अल्कोहोल लागलं की तो भेगांच्या वाटेने बाहेर पडतो. पॉलिकार्बोनेटलाही अ‍ॅसिटोन चालत नाही. तेव्हापासून माझ्या टेबलावर नळी पुसायला कोमट पाणी आणि साबण, दुसरं काही नाही.

झाकणांना दोन-दोन ओ-रिंग. यात बुद्धीचं काम कमी, शिस्तीचं जास्त. खाचेत एक केस किंवा कापडाचा धागा आडवा राहिला तरी पाणी त्याच्या कडेने वाट काढतं. मी बोटाने नाही, जिभेच्या टोकाने खाच तपासणारा माणूस पाहिलाय. मी तेवढी पुढे गेले नाही, भिंग वापरते. झाकण दाबून बसवलं की ते हळूहळू पुन्हा बाहेर सरकायचं, याचं मला पहिल्यांदा फार नवल वाटलं. झाकणाचा आत जाणारा भाग दट्ट्यासारखी हवा दाबतो आणि ती हवा त्याला परत ढकलते. म्हणून एका झाकणाला बारीक स्क्रू ठेवला. झाकण बसवताना तो उघडा, नंतर बंद.

दोन शाफ्टसाठी दोन कप सीलं. सीलची ओठासारखी कड पाण्याच्या बाजूला हवी, म्हणजे बाहेरचा दाबच तिला शाफ्टवर आवळतो. उलटी बसवली तर तोच दाब तिला उचलून धरतो. हे मी नीट केलं. चुकले ते पंख्यांत. टाइप ७-सीला दोन पंखे, गिअरमुळे एक उजवा फिरणारा, दुसरा डावा. मी दोन्ही पंखे एकाच हाताचे बसवले होते. टबात सोडून मोटर चालू केली, तर एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे, आणि पाणबुडी जागच्या जागी गिरक्या घेतेय. लेक इतकी हसली की तिला उचकी लागली.

टबातले दिवस मला आवडले, खरं सांगायचं तर तळ्यापेक्षा जास्त. तिथे पाणबुडी हरवत नाही. तिथला पहिला धडा मात्र विचित्र होता. टाकी पूर्ण भरली तरी पाणबुडी बुडेना. डेक पाण्याला टेकलेला, टॉवर वर, हलायचं नाव नाही. शिसं वाढवलं. तरी नाही. आणखी २० ग्रॅम. मग वैतागून हाताने जरा डावी-उजवी कलवली, तर डेकखालून ‘बुडुक्’ करून एक मोठा बुडबुडा सुटला आणि पाणबुडी दगडासारखी तळाला गेली. डेकच्या फळ्यांमधल्या फटी साच्यात नुसत्या खोलगट दाखवलेल्या होत्या, आरपार नव्हत्या. खाली हवा अडकून बसली होती. ४० मिलिलिटर हवा म्हणजे ४० ग्रॅमचा तराफाच. तीन संध्याकाळी बसून बारीक ड्रिलने सगळ्या फटी आणि बाजूची पाणी वाहून जायची भोकं खरी उघडली. घातलेलं शिसं काढून ठेवलं.

मग तोल. याचा क्रम कोणी सांगितला नसता तर मी आजही टबाशी बसले असते. सांगणारे काका म्हणजे माझ्याआधी कितीतरी वर्षं हे करत आलेले एक गृहस्थ. भेट क्वचित, फोन बराच. ते म्हणाले, “आधी बुडवून तोल साध, मग तरंगवून. उलटं केलंस तर दोन्ही बिघडेल.” टाकी जवळजवळ भरायची आणि फोम-शिसं मागेपुढे करत पाणबुडी पाण्यात आडवी, स्थिर राहील असं करायचं, पेरिस्कोपचं टोक तेवढं बाहेर. ते जमलं की टाकी रिकामी करून जलरेषा बघायची. आता एकूण फोम बदलायचा नाही, फक्त वर-खाली सरकवायचा. जलरेषेखालचा फोम तरंगताना उचल देतो. जलरेषेवरचा फोम तरंगताना काहीच करत नाही, बुडाल्यावरच कामाला लागतो. माझा सगळा फोम डेकच्या खाली चिकटवलेला, म्हणून ती तरंगतानाही डेकपर्यंत पाण्यात बसायची. निम्मा काढून सिलिंडरच्या बाजूंना लावला, तशी ती हवी तेवढी वर आली. पण फोम खाली आला की पाणबुडी कलायला लागते, मग तळाच्या कण्यात शिसं आणखी खाली दाबून बसवलं. या सरकवासरकवीत दोन रविवार गेले.

फोममध्येही एक फसगत झाली. सुरुवातीला वस्तूंच्या खोक्यात येतो तो मऊ फोम लावला होता. टबात सगळं सुरेख. तळ्यात मात्र मीटरभर खाली गेली की ती आपणहून आणखी खाली जायला लागे, आणि जितकी खाली तितकी जोरात. बोटाने दाबल्यावर दबणारा फोम पाण्यानेही दबतोच. दबला की उचल कमी, उचल कमी की आणखी खाली, खाली गेलं की आणखी दबणार. बंद पेशींचा कडक फोम लावला आणि ते थांबलं. मऊ फोम आता बॅटरीला धक्का लागू नये म्हणून सिलिंडरच्या आत बसलाय, तिथे तो ठीक आहे.

रेडिओबद्दल थोडं. आजकालचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट पाण्याखाली निकामी ठरतात. पाणी ती लहर इतकी शोषतं की वीत-दोन वीत खोलीवर संपर्क तुटतो. म्हणून पाणबुडीवाले जुने, खालच्या वारंवारितेचे सेट सांभाळून असतात : २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्झ, ज्या देशात ज्याची परवानगी असेल तो. माझा ४०चा. गोड्या पाण्यात दोन-तीन मीटरपर्यंत तो व्यवस्थित चालतो. खऱ्या पाणबुड्यांना खोलवर संदेश पाठवायचा तर आणखी कितीतरी खाली, काही किलोहर्ट्झपर्यंत उतरावं लागतं, आणि त्यासाठीचे अँटेना मैदानभर पसरलेले असतात.

गोड्या पाण्यात, हे महत्त्वाचं. एकदा एका स्विमिंग पूलमध्ये चालवायची संधी मिळाली. निळंशार, तळापर्यंत स्वच्छ पाणी. पाणबुडी दिसत राहणार म्हणून मी खूश. पाऊण मीटरवर गेली आणि सुकाणू ऐकेना. तीन सेकंदांनी टाकी आपोआप रिकामी झाली आणि ती वर आली, कारण सिग्नल तुटला की पिस्टन पुढे ढकलणारं एक छोटं फेलसेफ सर्किट रिसीव्हर आणि टाकीच्या मध्ये बसवलं होतं. पुन्हा नेली, पुन्हा तेच. मी रिसीव्हरला दोष देत बसले. नंतर कळलं की त्या पूलचं क्लोरीन मिठापासून तयार होतं आणि पाण्यात लिटरला तीनेक ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या मानाने हे काहीच नाही, पण रेडिओला पुरेसं. समुद्रात तर ४० मेगाहर्ट्झची लहर काही सेंटिमीटरांतच विरते. शिवाय समुद्राचं पाणी अडीच टक्के जड, म्हणजे माझ्या पाणबुडीला ५८ ग्रॅम शिसं जास्तीचं लागलं असतं. समुद्राचा विचार तिथेच संपला.

तळ्यात वेगळी कटकट. मीटरभर खोलीवर मोटर चालू केली की सुकाणू थरथरायचं. मोटर बंद केली की शांत. वर आणून मोटर चालवली तरी शांत. हे बघायला मला बराच वेळ लागला, कारण मी एकाच वेळी तीन गोष्टी बदलत होते. ब्रशच्या मोटरमध्ये ठिणग्या उडतात आणि त्यांचा रेडिओ-गोंगाट सदैव असतोच; काठावर सिग्नल दणदणीत असल्यामुळे तो ऐकू येत नाही, खोलवर सिग्नल क्षीण झाला की तोच वरचढ होतो. दोन्ही टोकांच्या मध्ये एक आणि प्रत्येक टोकापासून मोटरच्या धातूच्या अंगाला एक, असे तीन १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर डकवले, मोटरच्या तारा पीळ घालून घेतल्या. बरंच सुधारलं. उरलेली थरथर गेली ती अँटेनाची तार मोटरपासून दूर नेल्यावर. सिलिंडरच्या बाहेर काढून कवचाच्या तळाशी, कण्याला लागून सोडली. त्यासाठी झाकणाला भोक पाडून तार ओवली आणि भोवती इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा कडक होणारा गोंद, भरलं. मोठ्या अभिमानाने केलं होतं हे काम.

आणि मग ते पाणी यायला लागलं.

काकांना फोन केला, यादी वाचली : ओ-रिंग नव्या, सीलं नवी, झाकणांवर ओरखडा नाही. ते म्हणाले, “पाणी कुठे सापडतं?”

“बॅटरीखाली. मधोमध.”

“अगं, ते सापडतं तिथे. सिलिंडर नाकावर धरून काठावर आणलास की पुढे जाणार, शेपटीवर धरलास की मागे. त्यावरून काही ठरवू नकोस. टबात ठेवून पाहिलीस का?”

पाहिली होती. वर वजन ठेवून तासभर पूर्ण बुडवून. टिश्यू ठणठणीत कोरडा.

“टाकी भरून की रिकामी?”

रिकामी. टाकीने काय फरक पडतो, मी म्हटलं.

“बॉइलचा नियम शाळेत शिकली होतीस ना? मग बस आणि कर गणित,” म्हणाले, आणि फोन ठेवला. हे असं ते करतात.

बसले. हवा जितकी कमी जागेत कोंबावी तितका तिचा दाब वाढतो, एवढाच तो नियम. सिलिंडरमध्ये सगळं सामान जाऊन मोकळी हवा साधारण १ लिटर. पिस्टन मागे येऊन २०० मिलिलिटर पाणी आत घेतो, म्हणजे तीच हवा ८०० मिलिलिटरमध्ये कोंबली जाते. दाब सव्वापट. जादा पाव वातावरण म्हणजे अडीच मीटर पाण्याचा दाब, आणि तो आतून बाहेर! मी दोन मीटर खोलीला पाणी झाकण आत कसं दाबत असेल याची काळजी करत होते. एका झाकणाचं क्षेत्रफळ ३२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन मीटरवर साडेसहा किलोचा भार. प्रत्यक्षात आतली हवा त्याच झाकणाला आठ किलोने बाहेर ढकलत होती. बुडालेली असताना माझ्या पाणबुडीत पाणी शिरायला वावच नव्हता. हवा बाहेर जात होती.

आणि ती गेली की? वर येताना पिस्टन पुढे जातो, जागा पुन्हा १ लिटर होते, पण हवा आता कमी. आत दाब बाहेरच्यापेक्षा खाली. जिथून हवा गेली तिथूनच पाणी ओढलं जाणार, आणि तेही पाणबुडी मजेत पृष्ठभागावर फेऱ्या मारत असताना. झाकण उघडताना दर वेळी ‘सुस्स’ असा आवाज यायचा, तो मी इतके दिवस झाकण घट्ट बसल्याची खूण समजत होते. हवा आत जात होती ती. पाणी दर रविवारी वाढत होतं, कारण मी दर रविवारी जास्त धीट होऊन जास्त वेळ खाली राहत होते. सीलं बिचारी सगळी चांगली होती.

आता भोक शोधायचं तर टाकी भरून फुगे बघायचे. पाणबुडी टबात बुडवली, टाकी भरली. फुगे आले, पण कवचाच्या पन्नास भोकांतून, कुठून निघून कुठे येतायत पत्ता नाही. सिलिंडर कवचातून बाहेर काढला. अँटेनाची तार पाण्यात मोकळी लोंबत होती, तिच्याकडे कोण बघतंय. मी दोन्ही हातांनी सिलिंडर पाण्याखाली धरून नाक पाण्याला लावून मागचं झाकण न्याहाळत होते. शाफ्ट, काही नाही. ओ-रिंग, काही नाही. सुकाणूच्या दांड्याचं रबर, काही नाही. इपॉक्सीचा थर, तोही साफ.

“आई, वायरमधून फुगे येतायत.”

“वायरमधून कसे येतील? वायरच्या बाजूने असतील, झाकणापाशी बघ.”

“बाजूने नाही गं, टोकातून.”

टोक झाकणापासून हातभर लांब, टबाच्या दुसऱ्या कडेला. तिथे खरंच, कापलेल्या टोकातून टाचणीच्या डोक्याएवढा एक फुगा वाढला, सुटला, वर गेला. दुसरा आला. मी बोटाने टोक दाबलं. थांबले. सोडलं, पुन्हा सुरू.

तार म्हणजे एक सळई नव्हेच. आत तांब्याचे बारीक पदर, त्यांच्यात फटी, आणि या तारेचं प्लॅस्टिकचं वेष्टनही जरा सैल. वेष्टनाच्या बाहेरून मी इपॉक्सी ओतून किल्ला बांधला होता आणि वेष्टनाच्या आतून सरळ रिसीव्हरपर्यंत बोगदा मोकळा. खाली असताना त्यातून हवा बाहेर, वर आल्यावर त्यातूनच पाणी आत; नुसतं पडून असताना केशाकर्षणानेही थोडंफार. रिसीव्हरची डबी उघडली तर तार जिथे डकवली होती तिथे हिरवा गंज. म्हणजे बॅटरीखाली सापडणारं चमचाभर पाणी आधी रिसीव्हरमधून वाट काढून तिथे पोचत होतं. तो रिसीव्हर चालत कसा होता, देव जाणे. तो बदलला.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. झाकणातून तार ओवायचीच नाही. त्याऐवजी पितळी स्क्रू आरपार बसवला, भोवती इपॉक्सी. आतली तार आतून डकवली, बाहेरची बाहेरून. पितळातून पाणी जात नाही. बाहेरच्या तारेचं टोक गोंद असलेल्या, तापवल्यावर आवळणाऱ्या हीटश्रिंक नळीने बंद केलं, कारण उघडं तांबं पाण्याला लागलं तर सिग्नलही मार खातो. काकांच्या सांगण्यावरून तार कण्याऐवजी डेकच्या खालून नेली, म्हणजे तरंगताना तरी ती पाण्याबाहेर राहते. लेकीला बोट दाखवायची सवय लागलीय, आता प्रत्येक जोड ती तपासते आणि मला तिचं ऐकावं लागतं.

यानंतर एकदाच पाणी दिसलं, थेंबभर. त्या दिवशी काठावर उन्हात बसून सगळं जोडलं होतं, स्क्रू बंद करून पाणबुडी तशीच तापत ठेवली आणि मग थंड पाण्यात सोडली. आतली हवा ४० अंशांवरून २२वर आली तर दाब सहा टक्के उतरतो. अर्ध्या मीटरहून जास्त खोलीवर बुडवून ठेवल्यासारखंच. सुकाणूच्या दांड्याचं एक रबर सैल होतं, ते त्याने दाखवून दिलं. रबर बदललं. शिवाय आता सिलिंडर सावलीत बंद करते, पाण्यात पाच मिनिटं थंड होऊ देते आणि मगच स्क्रू आवळते.

तोल आपोआप सांभाळणाऱ्या लेव्हलरची गोष्ट थोडक्यात : मी तो उलटा बसवला होता. नाक खाली गेलं की त्याने मागचे आडवे पंख वर वळवून नाक उचलायचं; तो उलट खाली वळवायचा आणि पाणबुडी थेट गाळात नाक खुपसायची. त्या दिवशी शेपटीला बांधलेल्या मासेमारीच्या दोरीने ओढून काढली. हातात धरून नाक खाली करायचं आणि पंख कुठे वळतात ते बघायचं, दहा सेकंदांची चाचणी आहे. सुलटा केल्यावर ती डॉल्फिनसारखी वर-खाली उसळायला लागली, कारण संवेदनशीलता फार ठेवली होती. निम्म्यावर आणली तशी सरळ चालली. फुल थ्रॉटल दिल्यावर मात्र ती अजूनही क्षणभर नाक खाली करते. आतला सेन्सर वेग वाढल्याचा धक्का म्हणजे नाक वर झालं असं समजतो. थ्रॉटल हळू वाढवणं हाच उपाय, आणि टाइप ७-सीला तसंही पाण्याखाली कोणी पळवत नव्हतं.

टिश्यू पेपर अजून ठेवते, बॅटरीच्या दोन्ही बाजूंना एकेक. गेल्या रविवारी सिलिंडर उघडला, ‘सुस्स’ आवाज आला नाही, पण मागच्या टिश्यूच्या कोपऱ्यावर एक गडद डाग होता. लेकीने तो उजेडात धरला, बोटांत चोळला आणि माझ्या नाकाजवळ आणला. ग्रीस होतं.